कमरेतून नव्हे, गुडघ्यांतून वाका!

मुलाकडे मेलबर्नला गेलो असता लॉन बोल्स खेळणारी वयस्क मंडळी पाहिली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चार महिलांनी याच खेळात सुवर्णपदक मिळवले होते. मलाही हुरूप आला. सुमारे दीड किलोचा तो चेंडू कमरेतून वाकून सोडला आणि पाठीत अशी उसण भरली की दोन दिवस अंथरूण धरले. रुग्णांना वाकण्याचे धडे देणारा मी डॉक्टर!

पुढे तिथल्या एका आजोबांनी रीत शिकवली. चटईवर सैल उभे राहावे. हा चेंडू वळत जातो. म्हणून पावले आणि नजर 'जॅक' या लहान चेंडूकडे नव्हे, तर चेंडू ज्या रेषेवर सोडायचा त्या रेषेकडे असावी. उजवा हात मागे न्यावा, डावे पाऊल त्याच रेषेत पुढे टाकावे, गुडघे वाकवावेत, डावा हात डाव्या गुडघ्यावर टेकवावा आणि चेंडू जमिनीलगत अलगद सोडावा. त्या क्षणी एक पाऊल चटईवर असावे. श्वास रोखू नये. गुडघे वाकत नसतील, तर चेंडू धरायला लांब दांड्याचे साधन मिळते.

वाचकहो, आपल्या गावी असे मैदान नसेल. पण पाण्याची बादली घरोघरी असते. ती उचलतानाही पाऊल पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ आणि बादली अंगाजवळ ठेवा. पाठ जपली जाईल.