सुताचा आठवा भाग

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून ते तेथे गेले होते. हाताने काम करीत शिकणे हे आश्रमाचे सूत्र. २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. त्या विद्यापीठाच्या आवाराबाहेर निघालेल्या अगदी आरंभीच्या फॅब लॅबांपैकी ती एक होय. दुधाची तपासणी किंवा डिझेल इंजिनाच्या कार्यक्षमतेचे मापन यांसाठी खेड्याला जे उपकरण लागते, ते खेड्यातच घडवावे, हा तेथील आरंभीच्या कामामागील विचार होता.

अशा उपकरणाचे काळीज म्हणजे त्याच्या आतील सर्किट बोर्ड. मोठ्या कारखान्यात तांब्याचा नको असलेला भाग रसायनाने विरघळवितात. फॅब लॅबमध्ये मात्र टेबलावर मावणारे एक लहानसे मिलिंग यंत्र तो भाग कोरून काढते. संगणकाने दिलेल्या अंकांनुसार तीन दिशांना फिरणारे एक बारीक टूल, एवढेच त्याचे स्वरूप. आपल्याकडील सुतार इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतो. या टूलचा दांडा बरोबर एक सूत जाडीचा असतो, आणि त्याचे कापणारे टोक सुताचाही आठवा भाग, म्हणजे एक इंचाचा चौसष्टावा भाग किंवा सुमारे ०.४ मिलिमीटर. बोर्डावरील तांब्याचा थर सामान्यतः ३५ मायक्रॉनांचा, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर जाडीचा असतो. इतक्या नाजूक कामात यंत्रावर कितपत विसंबावे, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत त्याचे उत्तर दिल्यासारखे वाटते. फॅब लॅबांच्या साधनसंचात दीर्घकाळ असलेल्या रोलँड कंपनीच्या ‘मोडेला एम.डी.एक्स.-२०’ या यंत्राची एक पायरी ०.००६२५ मिलिमीटरची आहे. हा आकडा खरा आहे. परंतु मोटर एका पायरीने फिरली असता टूलने किती सरकावे, एवढेच तो सांगतो. टूल प्रत्यक्षात किती सरकले आणि किती रुंद चर पाडून गेले, हे त्यावरून कळत नाही. मोटर आणि टूल यांच्यामध्ये आट्यांचा दांडा, धारवे, पट्टे आणि टूल धरणारी पकड असते. यांतील प्रत्येकाची थोडी थोडी ढिलाई त्या सुंदर आकड्यात कोठेच धरलेली नसते.

यंत्र विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता ते स्वतः पारखून घ्यावे, हा विचार नवा नव्हे. बर्लिनचे प्राध्यापक गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली यंत्रपरीक्षणाच्या पद्धतींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि लेथ किंवा मिलिंग यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी कोठे, कशाने व किती मापावे याला शिस्त लावली. पुढे नाझी राजवटीत या ज्यू पंडिताला तुरुंगवास आणि देशत्याग सोसावा लागला. त्यांच्या परीक्षणपद्धतीला मात्र जगभर मान्यता मिळाली.

लहान यंत्राच्या परीक्षेला महागडी साधने लागत नाहीत. पहिली परीक्षा पुनरावृत्तीची. एक नक्षी कोरावी आणि बोर्ड न हलविता तीच नक्षी त्याच खोलीवर पुन्हा चालवावी. दुसऱ्या फेरीत टूल रिकाम्या चरातून जावयास हवे. ताजा चुरा निघाला आणि चर रुंदावला, तर यंत्र पहिल्या जागी परतलेले नाही. दुसरी परीक्षा आट्यांमधील ढिलाईची. एकाच बिंदूवर टूल एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून आणून दोन खुणा कराव्यात. त्यांतील अंतर हीच ती ढिलाई. अंतराची तिसरी परीक्षा १०० मिलिमीटरांवर दोन चर पाडून व्हर्निअरने करता येते. मात्र तिला अवाजवी महत्त्व दिले जाते. शंभरात ०.१ मिलिमीटरची चूक निघाली, तरी आठ पायांच्या नेहमीच्या चिपच्या एका बाजूवर, म्हणजे ३.८१ मिलिमीटर अंतरात, ती चार मायक्रॉनांहूनही कमी भरते.

खरी कसोटी लागते ती चराच्या रुंदीची. यासाठी कंगव्यासारखी एक नक्षी कोरतात. इंचाच्या हजाराव्या भागाला कारखान्याच्या बोलीत ‘थाऊ’ म्हणतात. कंगव्याच्या एका अर्ध्या भागात तांब्याचे दात एक थाऊपासून वीस थाऊंपर्यंत वाढत जातात, तर दुसऱ्या अर्ध्यात दातांमधील फटी तशाच वाढतात. टूल १५.६ थाऊंचे असल्यामुळे पंधरा थाऊंपर्यंतच्या फटी संगणक मुळी कोरीतच नाही. अतिबारीक दात तर उखडणारच. कोणता दात शाबूत राहिला आणि कोरलेली फट भिंगाखाली किती भरली, हे पाहावयाचे. टूल पकडीत किंचित तिरपे बसले, तर ते स्वतःभोवती न फिरता लहानसे वर्तुळ काढीत फिरते, आणि ०.४० मिलिमीटरच्या टूलचा चर ०.४६ भरतो.

येथे एक पेच पडतो. संगणकाला ०.४६ हा खरा आकडा दिला, तर ०.४२ मिलिमीटरच्या फटीत तो टूल घालीत नाही. तेथील तांबे तसेच राहते आणि दोन रेषा जोडलेल्या राहतात. म्हणून पुष्कळजण ०.४० हाच आकडा ठेवून देतात. मग फट कोरली जाते, पण दोन्ही बाजूंचे तांबे ०.०३ मिलिमीटरने खाल्ले जाते. मोठ्या रेषेला त्याचे काही वाटत नाही. बारीक रेषा डाख देताना तापली की सुटून येते. आकडा बदलण्याआधी टूल काढून पकड साफ करावी व पुन्हा बसवावे. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

उंचीची बाब याहून त्रासदायक. कोरण्याची खोली साधारणतः ०.१ मिलिमीटर ठेवतात. बोर्डाखालचा पाट एका टोकाला ०.१५ मिलिमीटरने खाली असला, तर तेथे टूल तांब्याला स्पर्शच करीत नाही. टोकदार, साठ अंशांचे टूल वापरल्यास खोली ०.१ मिलिमीटरने वाढताच चर सुमारे ०.११५ मिलिमीटरने रुंदावतो. म्हणून पाट त्याच यंत्राने वरून सपाट कापून घेतात. पाट, दुहेरी चिकटपट्टी आणि बोर्ड यांमध्ये चुऱ्याचा एक कण राहिला, तरी हे सारे श्रम वाया जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचकास वाटेल. साफ बिघडलेला बोर्ड फेकून देता येतो. त्याने फारशी हानी होत नाही. केसाएवढी तांब्याची कुसळ ज्याच्या दोन रेषांमध्ये राहून गेली आहे, तो बोर्ड मात्र टेबलावर नीट चालतो आणि गोठ्याच्या दमट हवेत, हादऱ्याने, अधूनमधून खोटे बोलतो. दुधाच्या तपासणीत तो खोटा आकडा ज्याच्या कॅनवर लागतो, त्या शेतकऱ्याला वादाला जागा उरत नाही. म्हणून बोर्ड ब्रशने घासून, शेजारच्या प्रत्येक दोन रेषांवर मल्टिमीटरची टोके टेकवून पाहिल्याशिवाय त्यावर एकही सुटा भाग बसवू नये.

टूल झिजते, पाटही वापराने खडबडीत होतो. त्यामुळे परीक्षेचा निकाल फार दिवस टिकत नाही. कंगव्याच्या नक्षीला बोटाएवढा तुकडा पुरतो. प्रत्येक नव्या टूलबरोबर असा एक तुकडा कोरून त्याच्या पाठीवर तारीख आणि मोजलेली रुंदी लिहावी व तो यंत्राजवळच्या डब्यात ठेवावा.