‘भाऊ, उद्या लग्न आहे, येता का?’

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात मुलगा म्हणाला की मला फोटोग्राफर व्हायचंय, तर आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात पोट भरतं का? मुलाचाही ठरलेला : कॅमेरा कोणता घेऊ? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या धंद्यात कोण टिकेल, हे बरंचसं एका फोनवरून कळतं. रात्री नऊ वाजता कुणीतरी विचारतं, ‘भाऊ, उद्या लग्न आहे, येता का?’ त्यानंतर दोन मिनिटं मुलगा काय बोलतो, ते नीट ऐका.

असे फोन आपल्याकडे येतच असतात. साखरपुड्याला जमलेली मंडळी ‘लग्नच उरकून टाकू’ म्हणतात. ठरलेला फोटोग्राफर ऐनवेळी तापाने पडतो. आमदारांची वेळ मिळाली म्हणून भूमिपूजन उद्यावर येतं. २०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा टाळेबंदीमुळे बाहेरून येणं अवघड होतं. अशा वेळी कामाला येतो तो जवळपास राहणारा, कॅमेरा तयार ठेवणारा माणूस.

नव्या मुलाला पहिली कामं याच वाटेने मिळतात. तुळशीची लग्नं झाली की तिथ्या सुरू होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या दाट असतात. नाव झालेल्या फोटोग्राफरची डायरी तोवर भरलेली असते. मग घाईचं गिऱ्हाईक नव्या पोराकडे वळतं. ते काम नीट झालं, तर त्याच भावकीतलं पुढचं लग्न न मागता मिळतं. म्हणून घाईच्या कामाला कटकट म्हणू नये. मात्र त्यासाठी फोनवर बोलण्याची शिस्त हवी.

मुहूर्त किती वाजताचा? हळद आदल्या दिवशी की त्याच सकाळी? लग्न दारी की मंगल कार्यालयात? फक्त फोटो की व्हिडिओही? अल्बम हवा का? आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न : समोरच्या पक्षाचा फोटोग्राफर वेगळा आहे का? तो असेल तर वरमालेच्या क्षणी दोघं एकमेकांच्या चौकटीत घुसतात आणि दोन्हीकडचे फोटो बिघडतात. आधीच त्याचा नंबर घेऊन कोण कुठे उभं राहणार हे बोलून घेतलं, तर काम सोपं होतं.

हे सगळं विचारल्यावरही लगेच ‘हो’ म्हणायचं नाही. डायरी बघून दहा मिनिटांत फोन करतो म्हणायचं आणि खरोखर करायचा. ‘बघतो, जमलं तर येतो’ हे सर्वांत वाईट उत्तर. त्या भरवशावर वधूपिता दुसरीकडे शोधत नाही. जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं आणि ओळखीच्या दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर द्यावा. उद्या तोही आपल्याला काम देतो. एका दिवशी दोन लग्नं घेण्याचा मोह मोठा असतो. दुपारचं मलकापूरला आणि गोरज मुहूर्ताचं बुलढाण्याला, हे कागदावर बसतं; पण राजूर घाटात एखादा ट्रक बंद पडला की तुम्ही पोचेपर्यंत मंगलाष्टकं संपलेली असतात. अंतरपाट पुन्हा धरायला कुणाला सांगता येत नाही.

पैशाचं आधी बोलावं. रात्रीतून तयारी करायची तर नेहमीपेक्षा जास्त दर मागण्यात गैर काही नाही, पण तो फोनवरच सांगावा, मांडवात नव्हे. इसार लगेच मोबाइलवर घ्यावा. मग एक मेसेज पाठवावा : तारीख, वेळ, ठिकाण, रक्कम, फोटो किती दिवसांत देणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. नवरीचे फोटो आपल्या पानावर टाकायचे असतील तर तशी परवानगीही त्याच मेसेजमध्ये मागावी.

एका कामाला मात्र घाईचा दर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. घरात कुणी गेलं की संध्याकाळी एखादा मुलगा आधार कार्ड नाहीतर लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो घेऊन येतो : ‘आजीचा फ्रेम करायचा फोटो पाहिजे, सकाळपर्यंत.’ त्या गर्दीतून आजीचा चेहरा वेगळा काढायचा, मागे उभ्या असलेल्याचा हात पुसायचा, कपाळावरचं कुंकू ठेवायचं की काढायचं हे हळूच विचारायचं. त्या घरात तो फोटो पुढची कित्येक वर्षं भिंतीवर राहतो.

घाईला उत्तर म्हणजे आधीची तयारी. काम असो-नसो, रात्री बॅटऱ्या चार्ज, कार्ड रिकामी, फ्लॅशचे सेल भरलेले, बॅग दाराशी. शक्य तर दुसरी कॅमेरा बॉडी, निदान मित्राकडून हक्काने मिळेल अशी. लग्नाहून आल्यावर जेवायच्या आधी फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे; वीज गेली तर लॅपटॉप पुरेल एवढा चार्ज हवा. आणि हाताला सवय. रोहिणखेडच्या मुलांना त्यासाठी चांगली जागा गावातच आहे. १५८२ साली बांधलेल्या जुन्या मशिदीत, परवानगी घेऊन, आतल्या अंधाऱ्या कमानीतून बाहेरच्या उन्हाकडे बघत फोटो काढा. चेहरा काळा पडतो की बाहेरचं सगळं पांढरं होतं, ते बघा. दुपारच्या मांडवातही हीच अडचण येते. ऐनवेळच्या कामात सेटिंग शोधायला वेळ नसतो, बोटांना ते आधीच माहीत असावं लागतं.

शिक्षण हवंच असेल तर आयटीआयमध्ये दहावीनंतरचा एक वर्षाचा डिजिटल फोटोग्राफर हा ट्रेड आहे. तो कुठे चालतो हे प्रवेशाच्या वेळी बघून घ्यावं. उत्पन्न बारमाही सारखं नसतं, हे पालकांनी आधीच धरून चालावं. चातुर्मासात लग्नं नसतात. तेव्हा पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, जुन्या फोटोंची दुरुस्ती यांवर दुकान चालवावं लागतं. ड्रोनची घाई करू नये. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं.

आईवडिलांना एकच विनंती : कॅमेऱ्यासाठी कर्ज काढण्याआधी मुलाला किंवा मुलीला एक पूर्ण लग्नसराई एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली पाठवा. लाइट धरू द्या, बॅग उचलू द्या, रात्रीचे फोन घेऊ द्या. त्या फोटोग्राफरना भेटायला दिवाळीनंतर लगेच जा. तुळशीची लग्नं झाली की त्यांना बोलायलाही सवड नसते.