दगडातील अदृश्य किरण

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी हे गाव आहे. या परिसरातील गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. हे पाणी कोणी तापवत नाही. मग ते गरम कसे होते?

पावसाचे पाणी भेगांतून जमिनीत खोल जाते. तेथे ते तापते आणि भेगांतूनच पुन्हा वर येते. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा मोठा भाग युरेनियम, थोरियम व पोटॅशियम या मूलद्रव्यांपासून मिळतो. युरेनियम व थोरियम यांचे सर्व अणू आणि पोटॅशियमचे अगदी थोडे अणू आपोआप बदलतात. बदलताना त्यांतून अदृश्य किरण निघतात. अशा पदार्थांना किरणोत्सारी म्हणतात. हा गुणधर्म १८९६ साली बेक्वेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला.

किरणोत्सारी हा शब्द ऐकून पुष्कळ लोक घाबरतात. ‘वज्रेश्वरीचा दगड धोक्याचा असेल का?’ असे तुम्हालाही वाटेल. तेथील काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. त्याच्या दहा लाख भागांत युरेनियमचा साधारणपणे एक भागही नसतो. ग्रॅनाइटमध्ये असे तीन-चार भाग असतात. केळी व डाळी यांतून आपल्या शरीरातही किरणोत्सारी पोटॅशियम थोडेसे येतेच!

मग कोणत्या खनिजात काय असते? ग्रॅनाइटमधील गुलाबी फेल्स्पार व अभ्रक यांत पोटॅशियम असते. झिरकॉनच्या बारीक कणांत थोडे युरेनियम असते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे जड, तांबूस खनिज सापडते. त्यात थोरियम असते. दगड झिजून माती होते, तेव्हा असे कण मातीतही मिसळतात.

रंग व वजन यांवरून फक्त अंदाज करता येतो. किरण आहेत का, हे गायगर काउंटर सांगतो. प्रयोगशाळेत गॅमा किरणांची ऊर्जा मोजतात. त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते. म्हणून केवळ नाव ऐकून भिऊ नये. किती आहे ते मोजून पाहावे.

शब्दार्थ
अदृश्य – डोळ्यांना न दिसणारा
थिजणे – थंड होऊन घट्ट होणे
अंदाज – अटकळ

स्वाध्याय
१. वज्रेश्वरीचे पाणी गरम कसे होते?
२. थोरियम कोणत्या खनिजात असते?
३. खनिज केवळ रंगावरून का ओळखू नये?