हिरड्यांचा गंज

अंक इंजिनिअरिंग कॉलेजचा आणि लेख दातांवर, हे बघून काहीजण पान उलटतील. जरा थांबा! विषय आपल्याच अभ्यासातला आहे. लोखंड गंजतं तेव्हा ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन पळवतो. शरीरातल्या पेशींमध्येही अशी पळवापळवी चालू असते. ती आवरण्याच्या ताकदीबाहेर गेली की तिला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञानं १९८५ साली ही कल्पना नीट मांडली.

मी शिवाजी पेठेत राहतो. तंबाखू तव्यावर जाळून केलेली मिसरी लावणाऱ्या आज्या इथं अजून दिसतात. ‘दात घट्ट राहत्यात बाळा,’ असं त्या सांगतात. होस्टेलवर मिसरी नाही, पण मावा आहे. (गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण पुड्या संपल्या का?) आणि होस्टेलवरची आणखी एक सवय म्हणजे ब्रशला रक्त दिसलं की त्या बाजूला ब्रश फिरवणंच बंद! ‘हिरडी दुखावली आहे, आराम देऊया.’ हा आराम नेमका कोणाला मिळतो ते बघू.

सकाळी दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं, तो जिवाणूंचा थर. तो साफ झाला नाही तर दात आणि हिरडी यांच्या फटीत, जिथं हवा पोचत नाही तिथं, ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू ठाण मांडतात. त्यातला बदनाम म्हणजे पोर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. दात किडवणारे जिवाणू साखरेवर जगतात, गुळाच्या या गावात त्यांची चैनच. पण या गड्याला साखर नको, प्रथिनं हवीत. ती कापायला त्याच्याकडे जिंजिपेन नावाची विकरं आहेत. शिवाय त्याला लोह लागतं, तेही रक्तातल्या हीममधून. म्हणजे हिरडीतून रक्त आलं की याची खानावळ सुरू!

आता शरीर गप्प बसत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायपोक्लोरस आम्ल यांचा मारा करतात. ब्लीचिंग पावडरचं पाणी जंतू मारतं ते याच आम्लामुळं. लढाई दोन-चार दिवसांची असेल तर काही बिघडत नाही, कारण आपल्या पेशींकडे कॅटालेज, ग्लुटाथायोन असे अग्निशामक असतात. पण इथं ती महिनोन् महिने चालते. आणि गंमत अशी, की हा जिवाणू आपल्याच रक्तातलं हीम अंगावर थापून बसतो. त्या काळ्या थरावर पेरॉक्साइड फुटून वाया जातं. चोर रेनकोट घालून बसलाय आणि घर भिजतंय!

उरलेल्या पेरॉक्साइडची सुट्या लोहाशी गाठ पडली की फेंटन अभिक्रिया होते. एन्व्हायर्नमेंटलवाल्यांना ती माहीत आहे, सांडपाण्यातले चिवट रंग तोडायला वापरतात तीच. तिथं उपयोगी पडणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल इथं पेशीचं आवरण आणि डीएनए फोडतो. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, बिघडलं की तिथूनही इलेक्ट्रॉन गळतात, म्हणजे आगीत तेल. हिरडीला दाताशी बांधणारे तंतू तुटतात, खालचं हाड झिजतं. ते हाड आपोआप परत भरून येत नाही.

मग रक्त आल्यावर ब्रश थांबवायचा की नाही? याचं उत्तर १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूसच्या दंत महाविद्यालयानं दिलं. हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना, त्यात बहुतेक पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, दात घासायला बंदी केली. (आपल्याकडे स्वयंसेवक सहज मिळाले असते!) दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतं तिथंच, मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेला, सावकाश घासायचं.

दोनेक आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. थर दगडासारखा कडक झाला की तो ब्रशनं निघत नाही, स्केलिंगच करावं लागतं. ‘स्केलिंगनं दात हलतात’ हा गैरसमज आहे. दात आधीच हललेला असतो, दगडानं तो धरून ठेवलेला असतो एवढंच. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना आधी पाठवा, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

राहता राहिले बिडी-सिगारेटवाले. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमीच येतं, कारण तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात. आत हाड झिजत असतं, बाहेर ब्रश मात्र स्वच्छ पांढरा. पेठेतल्या आज्यांना एवढं सगळं कसं सांगायचं, या विचारात मी आहे. सध्या मी फक्त मिसरीची डबी ठेवतात त्या कोनाड्यात एक मऊ ब्रश ठेवून दिला आहे.