कथेतील आवडत्या व्यक्तीचे चित्र
(इयत्ता पाचवी ते सातवी : चित्रकलेच्या दोन तासांचे पाठटाचण व विवेचन)

आंबा, तांब्या, झेंडा आणि डोंगरामागून उगवणारा सूर्य हे चित्रकलेच्या तासाचे विषय प्राथमिक शाळांतून वर्षानुवर्षे चालत आले आहेत. मुलांना गोष्टींची अतोनात आवड असते. परंतु गोष्टींतील माणसे त्यांच्या कागदावर क्वचितच उतरतात. उतरली तरी ती पुस्तकातील छापील चित्रावरून अथवा मोबाइलच्या पडद्यावरून उचललेली असतात. राजपुत्र काढावयास सांगितला की मूल गोरा, धारदार नाकाचा, शहरी धाटणीचा चेहरा काढते. आपल्या वडिलांचा, चुलत्याचा किंवा शेजारी बसलेल्या मित्राचा चेहरा कथानायकाचा असू शकेल, हे त्याच्या मनातही येत नाही. ही केवळ चित्रकलेतील उणीव नव्हे. ज्या मुलास आपल्या गावचा चेहरा चित्रास योग्य वाटत नाही, ते मूल आपल्या गावासही गोष्टीत जागा नाही असे हळूहळू समजू लागते. हा समज दूर करणे हाच प्रस्तुत पाठाचा मुख्य हेतू होय.

अजिंठ्याचा दाखला

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिक्षकास याबाबतचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत अनेक भिंतींवर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, रंगविलेल्या आहेत. काही चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, तर बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळची आहेत. कथांतील व्यक्ती चित्रकारांनी पाहिलेल्या नव्हत्या. त्या त्यांनी कशा काढल्या, याचा विचार शिक्षकास फार उपयोगी पडतो.

दहाव्या व सतराव्या लेण्यांत षड्दंत हत्तीची कथा आहे. सहा सुळ्यांचा हा गजराज आपणास मारावयास आलेल्या व्याधावर सूड उगवत नाही. उलट आपले सुळे त्यास देऊन टाकतो. ज्या राणीच्या हट्टामुळे हे घडले, तिचेच हृदय ते सुळे पाहून विदीर्ण होते. सहा सुळ्यांचा हत्ती कोणी पाहिला असेल? परंतु त्याच्या कळपाचे उभे राहणे, सोंडेचे वळण आणि देहाचा भार हे सारे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काढता येणारे नाही. सुळ्यांची संख्या तेवढी कथेतून आली. बाकीचा हत्ती रानातून आला. कल्पनेस निरीक्षणाचा आधार कसा लागतो, हे मुलांस पटवून देण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. दानाच्या ओढीने तो राज्याचा मंगल हत्ती देतो, त्यामुळे वनवासास जातो आणि तेथे आपली मुलेही देऊन टाकतो. चित्रपट्टीत तो पुन्हा पुन्हा येतो. कधी महालात, कधी रथात, कधी वनात. तरीही अंगाची ठेवण, मुकुट व मुद्रा यांवरून पाहणारा त्यास ओळखतो. त्याची मुले मागणारा जूजक त्याच्या लोभी मुद्रेवरून ओळखू येतो. यावरून दुसरा धडा मिळतो तो असा, की व्यक्ती ओळखू येते ती सुंदर चेहऱ्यामुळे नव्हे, तर तिच्या खुणांमुळे व कृतीमुळे.

छापील चेहऱ्यांविषयी

छापील चित्रांची सवय एवढी घट्ट का झाली, हेही ध्यानात घ्यावे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) याने १८९४ मध्ये मुंबईस घाटकोपर येथे शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथून देवदेवतांच्या व पुराणकथांतील नायिकांच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या आणि शकुंतला म्हटली की एक ठरावीक चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला. परंतु खुद्द रविवर्मा जिवंत माणसे समोर बसवून चित्रे काढीत असे, आणि त्याच्या कित्येक नायिका महाराष्ट्रात दिसणाऱ्या नऊवारी लुगड्यात आहेत. अनुकरण करावयाचेच तर ते त्याच्या पद्धतीचे करावे.

नकल करणे सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र नाही. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम हिच्या बरोबर अजिंठ्यास येऊन चित्रांच्या नकला करणाऱ्यांत तरुण नंदलाल बोस होते, आणि त्या अभ्यासाचा लाभ त्यांस जन्मभर झाला. नकल हा हात वळविण्याचा अभ्यास आहे. प्रस्तुत पाठ मन व डोळा वळविण्याचा आहे. दोहोंची गल्लत करू नये.

पाठाची मांडणी

व्यक्तीची निवड : मुलांना प्रिय असलेली एकच व्यक्ती निवडावी. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे या पाठास फार सोयीचा आहे. बनेश फेणे हा पुण्याजवळील फुरसुंगी गावचा, अंगाने काटकुळा, सायकलीवर सुसाट जाणारा आणि जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा मुलगा. तो राजपुत्र नाही. खेड्यातून शहरात शिकावयास गेलेला साधा विद्यार्थी आहे. दूरदर्शनवर १९८७ मध्ये व चित्रपटात २०१७ मध्ये नटांनी त्याची भूमिका केली आहे. ती चित्रे व पुस्तकाचे मुखपृष्ठ पाठ संपेपर्यंत वर्गात दाखवू नये.

पहिला तास : शिक्षकाने फेणेची एक कथा वाचून दाखवावी. तद्नंतर पुढील प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावी.
१. लेखकाने याच्याविषयी काय सांगितले आहे?
२. काय सांगितलेले नाही? (वर्ण, नाक, केस, कान इत्यादी.)
३. तो घाबरला, तर्क करू लागला किंवा धावला, की त्याचे हातपाय कसे होत असतील?
पहिला रकाना सर्वांस समान राहील. दुसरा रकाना प्रत्येकाने आपापल्या पाहण्यातून भरावयाचा आहे. नंतर मुलांना अंगणात न्यावे. एकाने सायकलीवर बसावे. इतरांनी त्याची वाकलेली पाठ, पायटाचा पाय व हातमुठीवरील पकड पाहावी. पाचदहा मिनिटांत गेरूने अथवा कोळशाने नुसत्या रेषांची टाचणे करावी. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही गेरू, पिवळी माती, काजळी व चुना यांचाच बराचसा उपयोग केला आहे. सबब रंगपेटी नाही म्हणून पाठ अडण्याचे कारण नाही.

दुसरा तास : आरंभी चेहऱ्याच्या प्रमाणाविषयी थोडे सांगावे. मूल बहुधा डोळे कपाळावर चढविते. वास्तविक डोक्याच्या उंचीच्या सुमारे मध्यावर डोळे येतात. लहान मुलांचे किंचित खाली असतात. कान भुवई व नाकाचा शेंडा यांच्या दरम्यान बसतात. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट भरते, तर दहा वर्षांच्या मुलाची सुमारे सहा पट. मुलांनी काडी धरून एकमेकांची मापे घ्यावी व पडताळा पाहावा. मग प्रत्येकाने फेणे काढावा. चित्राखाली एक वाक्य लिहावे : 'हा फेणे या क्षणी काय करीत आहे?'

घ्यावयाची काळजी

मुलाच्या कागदावर शिक्षकाने आपली पेन्सिल चालवू नये. दुरुस्ती दाखवावयाची असल्यास ती फळ्यावर दाखवावी. 'फेणे असा नसतो' हे वाक्य वर्जावे. त्याऐवजी 'हा फेणेच आहे हे कशावरून ओळखावे?' असे विचारावे. उत्तर चित्रात सापडले तर चित्र साधले. एखाद्या मुलीने आपल्या भावाच्या तोंडवळ्याचा, सावळ्या रंगाचा, अनवाणी फेणे काढला, तर तो चुकला असे मानू नये. पहिल्या रकान्यातील खुणा त्यात आहेत किंवा नाहीत, एवढेच पाहावे.

खलपुरुष काढताना विशेष सावध असावे. वर्गातील एखाद्या मुलाचे व्यंग, स्थूलता किंवा वर्ण घेऊन दुष्ट माणूस काढण्याचा मोह मुलांना होतो, आणि थट्टेचा घाव खोल जातो. दुष्टपणा डोळ्यांच्या रोखातून, हातांच्या हालचालीतून दाखवावयाचा; कोणाच्या शरीराच्या उणिवेतून नव्हे, असे आधीच बजावावे.

संकलन व उपयोजन

शेवटी सर्व चित्रे भिंतीवर एका ओळीत लावावी. निवडक दोनचारच लावू नयेत. मुलांनी ओळीने फिरून प्रत्येक चित्रातील एकेक खूण सांगावी. चेहरे निरनिराळे, पण व्यक्ती एकच, हे त्यांच्या आपोआप ध्यानात येईल. त्यानंतर पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखवावे. तेव्हा ते अंतिम उत्तर न ठरता भिंतीवरील चित्रांसारखेच आणखी एक चित्र ठरेल.

शाळेची सहल अजिंठ्यास जाणार असल्यास हा पाठ सहलीपूर्वी घ्यावा व षड्दंताची कथा निघण्याआधी सांगून ठेवावी. लेण्यांत प्रकाश मंद असतो. डोळे सरावेपर्यंत मुलांना शांत उभे करावे व रंगांस हात लावू देऊ नये. स्वतः एकदा फेणे काढलेले मूल तेथील हत्तीपुढे उभे राहिले म्हणजे 'हे कोणी काढले?' एवढे विचारून थांबणार नाही. 'त्याने हत्ती कोठे पाहिला असेल?' असेही ते विचारील.