प्लास्टिकपासून तेल : उत्प्रेरक काय करतो, काय करत नाही

टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. नागपूरच्या रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. अलका झाडगावकर यांच्या प्रयोगाची २००० च्या दशकात देशभर चर्चा झाली. पुढे पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी प्रेशर कुकरमधल्या प्रयोगापासून सुरुवात करून जेजुरीला प्रकल्प उभा केला. हे ऐकलं की वाटतं, भट्टीत कुठलंही प्लास्टिक टाका, खाली पेट्रोल गळेल! तसं होत नाही. का, ते केमिकल शाखेबाहेरच्या मित्रांसाठी सोपं करून सांगतो.

दुधाची पिशवी म्हणजे पॉलिथिन. त्यात कार्बन व हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या असतात. डिझेलमध्येही मुख्यतः हेच दोन अणू, फक्त साखळी साधारण १० ते २० कार्बनची. म्हणजे काम एकच, साखळी तोडणे. हवा न लागू देता ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की ती तुटते, पण वाटेल तिथे. हाती येते ती मेण, तेल आणि वायूची खिचडी.

इथे उत्प्रेरक उपयोगी पडतो. झिओलाइट हा अॅल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजनचा सच्छिद्र पदार्थ. त्याच्या आम्लधर्मी जागांवर साखळी कमी तापमानाला तुटते. झेडएसएम-५ या प्रकाराची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची, त्यामुळे लहान रेणूच त्यातून ये-जा करतात. गिरणीत जाळी बदलली की पूड बारीक येते ना, काहीसं तसंच! म्हणून पेट्रोलच्या जातीचे रेणू आणि वायू जास्त मिळतात.

पण उत्प्रेरक फुकटची ऊर्जा देत नाही. उष्णता पुरवावीच लागते. शिवाय त्याच्या छिद्रांत कार्बन साचतो. तो जाळून काढल्यावरच उत्प्रेरक पुन्हा कामाला लागतो.

खरा घोळ होतो तो सरमिसळीमुळे. पीव्हीसीमध्ये वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तापवल्यावर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, यंत्र गंजतं, तेल बिघडतं. पाण्याच्या बाटलीतलं पीईटी याच भट्टीत गेलं, तर टेरेफ्थॅलिक आम्ल तयार होऊन नळ्या चोंदतात. बाटलीची वाट वेगळी : ग्लायकॉल आणि झिंक अॅसिटेटसारखा उत्प्रेरक घेऊन सुमारे २०० अंशांना तिचे लहान घटक सुटे होतात आणि त्यांतून पुन्हा पीईटी बनवता येतं.

आता मारुंजीतल्या आपल्या होस्टेलचं पिंप पाहा. पिशव्या, बाटल्या, वायरची आवरणं, वेफर्सची पाकिटं, वर उरलेली आमटी! यातून चांगलं तेल कुठल्याही उत्प्रेरकाला काढता येणार नाही. म्हणून मेसच्या काकांना आणि रेक्टर सरांना विनंती, मागच्या दारी तीन पोती लावू या : धुतलेल्या पिशव्या, बाटल्या आणि बाकीचं. स्वच्छ पिशव्यांचे आधी दाणेच व्हावेत. जे वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्याचं तेल. झिओलाइट रेणू निवडतो, पण कचरा आपल्यालाच निवडावा लागेल.