पहिल्या नंबरावर मनातलं कॉलेज

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते. हात चिकाने भरलेले, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तू विचारलंस, "आत्या, डिप्लोमावरून थेट सेकंड इयरला सीओईपीला लागेल का गं माझा नंबर?" आणि मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "जाऊ दे, जवळचंच घेते."

पोरी, एकतीस वर्षं मी तंत्रनिकेतनात शिकवलं. निकाल लागला की माझ्या टेबलाशी फॉर्मवाल्या पोरांची गर्दी व्हायची. अकोले-राजूरची, राहात्याची, श्रीरामपूरची, कुणी थेट पाथर्डीहून आलेलं. त्यांतली कितीतरी मार्कांमुळे नाही, या 'जाऊ दे'मुळे मागं राहिली. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आपल्याकडे डिप्लोमा का घेतात ते तुला वेगळं सांगायला नको. पोरगं लवकर हाताशी यावं, बारावीच्या क्लासचा खर्च वाचावा, घरून एसटीने जाता यावं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाची दारं उघडली आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव या साखरेच्या पट्ट्यात कारखान्यांच्या सावलीत ही शिक्षणसंकुलं वाढली. त्यामुळे उसाच्या रानातली पोरं लेथवर उभी राहिली. पण डिप्लोमा हा शेवटचा थांबा नाही, तिथून मोठी गाडी पकडता येते, हे घरोघरी कुणी सांगितलं नाही. बारावीच्या वाटेने जाणाऱ्याला सीईटी द्यावी लागते. तुला ती नाही. तुझ्या अंतिम निकालातली टक्केवारी हीच तुझी सीईटी.

आता हिशेब समजून घे. थेट द्वितीय वर्षासाठी मंजूर जागांच्या वर १० टक्के जागा असतात. म्हणजे साठच्या वर्गाला सहा. याशिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात, पण सीओईपी, व्हीजेटीआय अशा ठिकाणी रिकामं फारसं काही राहत नाही. तेव्हा या सहावरच नजर ठेवायची. या सहा जागा पुन्हा खुला, ओबीसी, एससी, एसटी अशा वाटल्या जातात आणि त्यांत मुलींचं ३० टक्के आरक्षण. एखाद्या शाखेत एखाद्या प्रवर्गाला एकच जागा येते, कधी एकही येत नाही. म्हणून इथला कट-ऑफ एका वर्षी आभाळात आणि दुसऱ्या वर्षी चार पायऱ्या खाली असं होतं. एक पोरगी कमी-जास्त झाली की आकडा हलतो. गेल्या एका वर्षाची यादी पाहून कुणी 'तुझं होणार नाही' म्हणालं, तर त्याला तीन वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवायला सांग. आणि त्यात 'जी'ने सुरू होणारा कोड सर्वसाधारण जागेचा, 'एल'ने सुरू होणारा मुलींचा, हे विसरू नकोस. कितीतरी मुली फक्त 'जी'ची ओळ वाचून हिरमुसतात आणि यादी मिटवून टाकतात. तू तुझी ओळ वाच.

तुझा मेकॅनिकल आहे हे इथे कामाला येतं. संगणकाच्या मानाने मेकॅनिकलचा कट-ऑफ बहुतेक वर्षी खाली असतो. सगळ्या मैत्रिणी कॉम्प्युटरकडे पळताहेत म्हणून तूही पळू नकोस. नियमाने शाखा बदलता येते, ते खरं. पण तुझे हात मला माहीत आहेत. दिवाळीला आली होतीस तेव्हा फवारणीच्या पंपाचा वॉशर तू अंदाजाने नाही, व्हर्नियरने मोजून आणला होतास. ज्या पोरीला व्हर्नियर दप्तरात ठेवावासा वाटतो, तिने मेकॅनिकल सोडताना दहादा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट. ऑप्शन फॉर्म.

यात पोरांची आणि त्यांच्याहून जास्त आई-बापांची एक पक्की समजूत असते: वरचा नंबर अवघड कॉलेजाला दिला तर तो 'वाया' जातो. अगदी चुकीचं आहे हे. यंत्रणा गुणवत्ता यादीतून एकेकाला उचलते, त्याच्या पहिल्या पसंतीला जागा आहे का बघते, नसेल तर दुसरी, मग तिसरी. पहिलं मिळालं नाही म्हणून दुसऱ्यावरचा तुझा हक्क रेसभरही कमी होत नाही. तुझ्याहून कमी मार्कांच्या मुलाने ते कॉलेज पहिलं टाकलं असलं, तरी तिथे तूच आधी. म्हणून यादी मनाच्या क्रमाने लिहायची, भीतीच्या क्रमाने नाही.

आणि याची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप फ्रीझ होते. मग पुढची फेरी तुझ्यासाठी नाही. पुढच्या फेऱ्यांत हा नियम कितव्या नंबरापर्यंत लागू आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाच, कारण यात बदल होतात.

माझ्या हातून हे चुकलंय. एक मुलगा होता, हुशार, अबोल. वडील म्हणाले, जवळचंच सुरक्षित बघा, मॅडम. मीही म्हटलं, ठीक आहे, जवळचं पहिलं टाक, पुण्याचं दुसरं. पहिल्याच फेरीत जवळचं लागलं आणि फ्रीझ झालं. आठवड्याने कट-ऑफची यादी आली. मी पेन्सिलीने ओळी खुणवत खाली येत होते आणि पुण्याच्या त्या ओळीवर थांबले. त्याचे मार्क तिथल्या शेवटच्या मुलाहून जास्त होते. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या जूनपासून मी प्रत्येक मुलाला आधी पाठकोरा कागद द्यायची आणि सांगायची, कट-ऑफ न बघता लिही, सगळीकडे लागला तर कुठे जाशील? तो कागद म्हणजे यादी. तू आजच लिही. त्यात सीओईपी असेल, माटुंग्याचं व्हीजेटीआय असेल, सांगलीचं वालचंद असेल, मुलींचं कमिन्स असेल, आपल्याच पुणे रस्त्यावर मंचरजवळचं अवसरीचं शासकीय असेल. जवळचं कॉलेजही असू दे, पण त्याच्या खऱ्या जागेवर, शेवटाकडे. आणि जिथे मिळालं तरी जाणार नाहीस, ते यादीत घालूच नकोस.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या हाती देऊ नकोस. माणूस चांगला असेल, पण त्याच्याकडे त्या दिवशी चाळीस पोरं असतात. पासवर्ड तुझा, मोबाइल नंबर तुझा, बटण तुझ्या बोटाने. भरून झाल्यावर कन्फर्म करायचं राहिलं तर भरलेलं सगळं पाण्यात. कन्फर्म झालेल्या फॉर्मची प्रिंट काढ आणि एका ओळीवर एक बोट ठेवून तुझ्या मम्मीला मोठ्याने वाचून दाखव. तिला शाखा कळली नाही तरी चालेल. मोठ्याने वाचताना स्वतःची चूक स्वतःला ऐकू येते.

कागदांचं आता लगेच बघ, एप्रिल उलटायच्या आत. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला ३१ मार्चला संपतो. कपाटात दाखला आहे म्हणून लोक निर्धास्त असतात आणि फॉर्म भरताना कळतं की त्याची मुदत गेलीय. मग जूनमध्ये सेतूत अख्खा तालुका उभा असतो. तुझ्या पप्पांना म्हणावं, कांदा काढायच्या आधी एक दिवस तहसीलला द्या. जात पडताळणी झालीय ना? ते प्रमाणपत्र नुसतं 'आहे' म्हणू नकोस, हातात घेऊन बघ. दाखला हाती नसेल तर अर्जाच्या पावतीवर तात्पुरतं भागतं, पण दिलेल्या मुदतीत मूळ दाखवलं नाही तर तुला खुल्या प्रवर्गात टाकतात. मग वर सांगितलेला सहा जागांचा सगळा हिशेब बदलतो. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही ताडून बघ.

राहिलेल्या पेपरांबद्दल एकच सांगते. तंत्रशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर्स असतात. ती पाठ करू नकोस, त्यांची मांडणी बघ: दोन मार्कांना किती ओळी, चार मार्कांच्या आकृतीला किती नावं दिलीत. पहिला प्रश्न सातांतले पाच सोडवायचा, दोन-दोन मार्कांचा. हुशार पोरं तो सोपा म्हणून घाईत उरकतात आणि तिथेच मार्क सांडतात. एक-एक मार्काने गुणवत्ता यादीत माणसं वर-खाली होतात. एखाद्या पेपरात अपेक्षेहून फारच कमी आले तर रडत बसू नकोस, त्याच दिवशी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीला अर्ज कर.

पहिल्या फेरीत मनाजोगतं नाही लागलं, तर लागलेलं सोडून देऊ नकोस. फी भरून ते स्वीकार आणि वरच्यासाठी बेटरमेंटला थांब. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं. दोन्हीकडून जायची भीती नाही.

खर्चाचं म्हणशील तर तुझ्या पप्पांना हे वाचून दाखव. २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. म्हणून कुणी एजंट 'थेट सीट करून देतो' म्हणाला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. या माफीसाठी महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. खोली-मेसचा खर्च उरतो, त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचंही विचार. तुझ्या वर्गातल्या त्या भंडारदऱ्याकडच्या मुलीला सांग, आदिवासी मुलांसाठी 'स्वयं' योजना वेगळी आहे. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश झाला त्याच दिवशी कर, आठवड्याने नाही.

आता तिथे गेल्यावरचं. हे कुणी सांगत नाही.

डिप्लोमावाल्यांचे प्रवेश उशिरा होतात. तू वर्गात जाशील तेव्हा शिकवणं सुरू होऊन काही आठवडे झालेले असतील. फळ्यावर एम-थ्री चालू असेल, लाप्लास आणि फूरिए, आणि बाकीच्यांनी एम-वन, एम-टू पहिल्या वर्षात केलेलं असेल. तू केलेलं नाहीस. पहिल्या चाचणीत मार्क पडतील. माझ्या किती विद्यार्थ्यांचे त्या दिवसांत रात्री फोन आले, "मॅडम, परत येऊ का?" एकालाही मी ये म्हटलं नाही, आणि दिवाळीनंतर त्यांचे फोन आपोआप बंद झाले. तू मात्र त्या गणिताची वाट इथूनच सोपी कर. परीक्षा संपली की प्रवेशापर्यंत दोन-अडीच महिने हातात असतात. रोज सकाळी दोन तास बारावीचं इंटिग्रेशन, मग आंशिक डेरिव्हेटिव्ह, मग मॅट्रिक्स. इतकंच. यूट्यूबवर मराठीतूनही शिकवणारे आहेत, त्याची लाज वाटू देऊ नकोस.

इंग्रजीचंही तेच. तोंडी परीक्षेत अडलीस तर थांब आणि आकृती काढ. वर्कशॉपमध्ये तू त्यांच्या पुढे असशील. त्यांनी पुस्तकात पाहिलेला टेपर तू तीन वर्षं स्वतःच्या हाताने वळवला आहेस. पहिल्याच प्रॅक्टिकलला शेजारच्या मुलीला जॉब चकमध्ये नीट धरून दाखव. त्याच मुलीच्या वहीतून तुला एम-वन मिळेल. माझ्या पोरांनी शहरात मैत्री अशीच जोडली.

संगमनेरहून सकाळची एसटी धरलीस तर आळेफाटा, नारायणगाव, मंचर करत दुपारच्या आत पुण्यात वाकडेवाडीला उतरशील. तिथून सीओईपी जवळ आहे. १८५४ चं कॉलेज आहे ते, विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. पलीकडे मुळा-मुठेचा संगम आहे. आपल्याकडे प्रवरा-म्हाळुंगीचा आहे, तसाच. निकालाच्या आधी एकदा आपण दोघी जाऊन येऊ. फाटकातून आत जाऊ, कँटीनला चहा घेऊ. फॉर्मवर ते नाव लिहिताना तुझा हात थांबायला नको.

आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकदा तिथे जमा केलास की तो शिकून बाहेर पडेपर्यंत परत हाती येत नाही. देण्याआधी त्याच्या दहा झेरॉक्स काढ, दोन साक्षांकित करून घे, मोबाइलमध्ये स्कॅन ठेव आणि एक प्रत माझ्याकडे पाठव. माझ्या कपाटात निळी फाइल आहे, तिच्यात लावून ठेवते.